स्पिनरची डुगडुग: दुरुस्तीच्या नोंदी

विमान दोन आसनी, घरी बांधलेलं, अ‍ॅल्युमिनियमचं. इंजिन लायकमिंग ओ-३२०, प्रोपेलर धातूचा, दोन पात्यांचा, स्थिर कोनाचा. स्पिनर, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या भागावरचा टोकदार घुमट, फायबरग्लासचा, मागच्या कडेला व्यास ३३ सेंटिमीटर. तो मागे अ‍ॅल्युमिनियमच्या बॅकप्लेटवर स्क्रूंनी बसतो आणि पुढे हबच्या (प्रोपेलरच्या मधल्या भागाच्या) तोंडाशी असलेल्या लहान प्लेटवर टेकतो. या दोन प्लेटा आणि त्यांच्यावरचा घुमट, एवढाच सगळा पसारा.

४ नोव्हेंबर

ऑइल बदलायला काउल (इंजिनाचं आवरण) उतरवला, तेव्हा स्पिनरही काढला. पात्यासाठी कापलेल्या खाचेच्या कोपऱ्यापासून जवळच्या स्क्रूच्या भोकापर्यंत एक भेग दिसली. बाहेरून रंगावर ओरखडा असावा अशीच. आतून टॉर्च मारल्यावर तिथले काचतंतू पांढरे पडलेले दिसले, म्हणजे ती आरपार आहे. लांबी २२ मिलिमीटर. नाण्याने आजूबाजूला ठोकून पाहिलं. चांगल्या भागावर आवाज टणक येतो, भेगेच्या एका बाजूला अंगठ्याएवढ्या जागेत तो बद्द येतो. तिथे थर सुटलेत.

भेगेपेक्षा मला जास्त खटकली ती स्क्रूंजवळची काळी पूड. तीन शेजारच्या भोकांभोवती बॅकप्लेटच्या कडेवर काळपट, तेलकट भुकटी आहे आणि उरलेल्या भोकांशी जवळपास नाही. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली सूक्ष्म घासत राहिलं की त्याचा असा चुरा होतो. म्हणजे स्पिनर त्या बाजूला हलत होता, आणि आज-काल नव्हे, बरेच तास हलत होता.

विमान उड्डाणातून बाहेर. कॉकपिटमध्ये तशी चिठ्ठी लावली.

७ नोव्हेंबर

आज हात लावला नाही, कागदावर विचार केला.

भेगेवर आतून दोन थर लावून मोकळं होणं सोपं आहे. पण भेग पडायला काहीतरी कारण असतं. ते तसंच राहिलं, तर पुढची भेग ठिगळाच्या कडेला पडेल. ठिगळाने तो भाग ताठ होतो आणि वाक शेजारी सरकतो, एवढंच.

इंजिन मिनिटाला २७०० फेऱ्यांवर असताना शाफ्ट सेकंदाला ४५ वेळा फिरतो. बॅकप्लेटच्या कडेला, केंद्रापासून १६ सेंटिमीटरवर, त्वरण गुरुत्वाच्या साधारण १३०० पट होतं. १ ग्रॅमचा स्क्रू तिथे १३०० ग्रॅमचा होऊन बाहेर ओढतो. घुमट पाऊण किलोचा आहे. त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेपासून १ मिलिमीटर जरी बाजूला असला, तरी साधारण ६ किलोची ओढ तयार होते.

आकडे भीतीदायक असले तरी भेग याच ओढीने पडली असं मी म्हणणार नाही. ही ओढ स्पिनरबरोबरच फिरते. घुमटाच्या दृष्टीने ती सतत एकाच दिशेला असते, त्यामुळे ती त्याला उलटसुलट वाकवत नाही. इंजिनाला, माउंटला (इंजिनाच्या आधाराला) आणि पायलटच्या बुडाला ती थरथर म्हणून जाणवते, पण घुमट थकायला आलटून-पालटून बदलणारा भार लागतो. तो इंजिनाच्या ठोक्यांतून येतो. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे २७०० वर सेकंदाला ९० ठोके आणि तासाला ३,२४,०००. प्रत्येक ठोक्याला शाफ्ट पिळतो आणि सुटतो. घुमट दोन्ही प्लेटांवर घट्ट असेल तर तो सोबत पिळतो आणि सुटतो, त्याला काही होत नाही. सैल असेल तर तो प्रत्येक ठोक्याला जरासा मागे राहतो आणि सगळा हिसका दोन-तीन स्क्रूंच्या भोकांवर येतो.

म्हणून खरा प्रश्न हा, की घुमट सैल का आहे आणि एकाच बाजूला का.

९ नोव्हेंबर

मोजमापाचा दिवस. जोडीला काका आले. आयुष्य लेथवर काढलेले फिटर आहेत, विमानाशी त्यांचा संबंध एवढाच की मी त्यांना बोलावतो.

प्रोपेलर हाताने फिरवायचा तर आधी सुरक्षितता. दोन्ही मॅग्नेटो (प्लगना ठिणगी पुरवणारी यंत्रं) बंद, मिक्श्चर (इंधनाचा दांडा) पूर्ण मागे, चाकांना अडण्या, आणि प्रत्येक सिलिंडरचा एक स्पार्क प्लग काढून ठेवला. स्विच बंद आहे म्हणजे मॅग्नेटो मेला, असं धरून चालत नाही. पी-लीड, म्हणजे स्विच आणि मॅग्नेटो यांच्यातली तार, तुटलेली असेल तर स्विच कुठेही असो, मॅग्नेटो जिवंतच असतो. शिवाय इम्पल्स कपलिंगमुळे (मॅग्नेटोला झटका देणाऱ्या स्प्रिंगच्या जोडामुळे) हाताच्या संथ फिरवण्यालाही ठिणगी पडू शकते. प्लग काढले की सिलिंडरमध्ये दाबच तयार होत नाही आणि प्रोपेलर अडखळत नसल्यामुळे डायल वाचायलाही सोपं जातं.

मोजण्याचा क्रम मागून पुढे. आधी पात्यांची टोकं. जमिनीवर एक ठोकळा ठेवून त्यावर खूण केली, पहिल्या पात्याचं टोक जुळवलं, मग प्रोपेलर फिरवून दुसरं आणलं. फरक ०.८ मिलिमीटर, ठीक. ही मोजणी मला फार आवडते, कारण ती भिंगासारखी काम करते. या फ्लँजवर बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास साधारण १२० मिलिमीटर आहे. प्रोपेलरच्या बैठकीत एका बाजूला ०.१ मिलिमीटरचा कचरा अडकला, तर सुमारे ९०० मिलिमीटर लांबीच्या पात्यांच्या दोन टोकांत दीड मिलिमीटरचा फरक पडतो. टोकं जुळली म्हणजे फ्लँज, रिंग गिअरचा आधार, बॅकप्लेट आणि प्रोपेलर ही सगळी थप्पी सरळ बसली आहे.

मग डायल गेज स्टँडवर लावून बॅकप्लेटची कड तपासली. गोलाईत ०.३ मिलिमीटर, पुढे-मागे ०.४. पुढच्या प्लेटची कड ०.२५. काका म्हणाले, "प्लेटांना काही झालेलं नाही रे. तुझं झाकण बघ."

झाकण चढवलं. मागच्या कडेला रनआउट, म्हणजे एका फेऱ्यातला एकूण हेलकावा, १.१ मिलिमीटर. नाकाच्या टोकाला ३.४. पाठीचा सांगाडा सरळ आणि नाक मात्र पावणेदोन मिलिमीटर बाजूला.

१० नोव्हेंबर

पुढच्या प्लेटच्या कडेला निळा मार्किंग पेस्ट पातळ लावला, घुमट सरळ चढवला, स्क्रू आवळले आणि परत काढला. आत निळा डाग पूर्ण वर्तुळाचा यायला हवा होता. आला फक्त एक तृतीयांश. समोरच्या बाजूला खाचेतून वाकडी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहिली, तिथे १.२ मिलिमीटर मोकळी जागा होती.

कोडं इथे सुटलं. हा घुमट बाहेरच्या साच्यात हाताने थर लावून बनवलेला आहे. अशा वस्तूची बाहेरची बाजू साच्याची, म्हणजे गुळगुळीत आणि गोल असते. आतली बाजू मात्र जिथे कापड एकमेकांवर चढलं तिथे जाड, जिथे रोलर जोरात फिरला तिथे पातळ. पुढची प्लेट अचूक गोल आहे आणि ती ज्यावर टेकते तो पृष्ठभाग ओबडधोबड. एका बाजूला जाडसर भाग प्लेटला आधी भिडतो, घुमटाचं नाक रेषेबाहेर ढकलतो, आणि समोरच्या बाजूला आधारच उरत नाही. काळी पूड त्याच आधार नसलेल्या बाजूला होती. भेगही तिथेच.

स्क्रूंची भोकं तिरक्या बसलेल्या घुमटातच पाडलेली होती, त्यामुळे घुमट दर वेळी इमानदारीने त्याच तिरक्या जागी जाऊन बसतो. चांगली बसलेली भोकं पाहून कोणालाही वाटेल, सगळं जुळतंय.

१२ नोव्हेंबर

नवीन घुमट घ्यायचा की हाच सुधारायचा? नवा घेतला तरी त्याची आतली बाजू अशीच असणार, म्हणजे बैठकीचं काम चुकणार नाही. भेग एकच आहे, दोन खाचांना जोडणारी नाही आणि नाकाकडे गेलेली नाही. तसं असतं तर सरळ भंगारात टाकला असता. कारखान्यात बनलेल्या, प्रमाणपत्र असलेल्या विमानाचा स्पिनर असता तरीही स्वतः हात लावला नसता. तिथे काय दुरुस्त करायचं आणि काय बदलायचं हे उत्पादकाची पुस्तकं ठरवतात, आणि बऱ्याच ठिकाणी भेगेला उत्तर एकच असतं: बदला. घरी बांधलेल्या विमानात तो निर्णय बांधणाऱ्याचा, आणि परिणामही त्याचेच.

स्पिनरशिवाय उडावं का, असंही विचारलं जातं. माझं उत्तर नाही. या इंजिनाला थंड करणारी हवा स्पिनरच्या दोन बाजूंच्या तोंडांतून आत जाते. हबचा उघडा, ओबडधोबड भाग त्या तोंडांच्या मधोमध आला की हवा नीट आत शिरत नाही. सिलिंडरच्या तापमानावर लक्ष ठेवून एखादी फेरी मारता येत असेल, पण सवय लावू नये.

रंग घासायला सुरुवात केली.

१५ नोव्हेंबर

आतून थर लावले.

भेगेच्या दोन्ही बाजूंनी आतला पृष्ठभाग उताराने घासत नेला. घुमटाची जाडी २.२ मिलिमीटर आहे, उतार प्रत्येक बाजूला ४० मिलिमीटर ठेवला. उतार लांब असेल तर भार जुन्या थरांतून नव्यात हळूहळू उतरतो. आखूड ठेवला तर ठिगळाची कडच नवी भेग बनते. बद्द आवाज येणारा भाग पूर्ण काढून टाकला, अगदी चांगले थर लागेपर्यंत. मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जवळ व्हॅक्यूमची नळी. काचेची धूळ अंगाला लागली की रात्रभर खाज सुटते आणि फुप्फुसात गेली तर त्याहून वाईट.

मूळ घुमट कोणत्या रेझिनचा आहे हे माहीत नसलं तरी अडत नाही. घट्ट झालेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगला चिकटतो. उलटं मात्र करू नये, इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा भरवसा नसतो. अ‍ॅसिटोनने पुसून, पूर्ण सुकू देऊन, विणलेल्या काचेच्या कापडाचे थर धागे ४५ अंशात ठेवून लावले. पिळणारा भार तिरक्या दिशेने जातो, म्हणून धागेही तिरके. सगळ्यात लहान तुकडा आधी, मग मोठे. वरून पील प्लाय, म्हणजे नंतर सोलून काढायचं कापड.

विरुद्ध बाजूच्या खाचेलाही तेवढेच थर लावले, तिथे भेग नसतानाही. एकाच बाजूला वजन वाढवलं तर नंतर बॅलन्स करताना तेच वजन समोर टाकावं लागेल. त्यापेक्षा ते ताकदीच्या रूपात टाकलेलं बरं. वजन आधी ७४२ ग्रॅम होतं, आता ७८६.

खाचांचे कोपरे जवळजवळ काटकोनी होते. ताण कोपऱ्यात साठतो, म्हणून गोल कानशीने १० मिलिमीटर त्रिज्येपर्यंत गोल केले. माझ्या मते हे काम प्रत्येकाने स्पिनर पहिल्यांदा बसवतानाच करावं, भेगेची वाट पाहू नये.

१६ नोव्हेंबर

थर कडक झाले. पील प्लाय निघाली, आवाज सगळीकडे टणक. जुनी लंबगोल झालेली भोकं इपॉक्सीत कापसाचे बारीक तंतू मिसळून बुजवली. नुसती पुटी भरू नका, ती भोकातून तुकडा होऊन निघते. ज्या भोकांवर नवे थर आले नव्हते, तिथे आतून एक-एक थर चढवला.

२२ नोव्हेंबर

बैठक ओतायचा दिवस. सगळ्या दुरुस्तीचा गाभा हाच.

कल्पना साधी आहे. घुमट बाहेरच्या गोलाईवरून शाफ्टच्या रेषेत आणून धरायचा आणि तो तिथे असताना पुढची प्लेट आणि घुमटाची आतली बाजू यांच्यातली असमान फट इपॉक्सी व फ्लॉक्सच्या (कापसाच्या बारीक तंतूंच्या) घट्ट मिश्रणाने भरायची. प्लेटला मेण लावलेलं असल्याने मिश्रण घुमटाला चिकटतं आणि प्लेटला नाही. घुमट काढला की आत प्लेटच्या मापाची अचूक बैठक तयार.

करताना कष्ट पडतात ते रेषेत आणताना. मागच्या कडेला बॅकप्लेटभोवती मास्किंग टेपचे तुकडे थर देऊन चिकटवले, जिथे फट जास्त तिथे जास्त थर, जोवर मागची कड ०.३ मिलिमीटरच्या आत फिरू लागली. नाकासाठी स्टँडवर टोकदार तार बसवली आणि प्रोपेलर फिरवत पाहिलं. नाक कुठे जातं ते बघायचं, टेप कमी-जास्त करायची, परत फिरवायचं. घाईचं काम नाही. शेवटी नाक ०.४ वर आलं.

मग घुमट उतरवून आत मिश्रणाचा गोल पट्टा दिला आणि परत चढवला. मिश्रण लोण्याएवढं घट्ट हवं, नाहीतर खालच्या बाजूला ओघळतं. खाचा मागून उघड्या आहेत, त्यामुळे घुमट पात्यांना न लागता सरळ मागे सरकतो. ओलं असतानाच एकदा सावकाश फिरवून नाक पुन्हा तपासलं आणि मग नाकाखाली गादी लावलेली घोडी दिली, कारण घुमटाचं वजन पुढे असतं आणि रात्रभरात ते नाक खाली आणू शकतं. दूरवर एक दिवा लावून ठेवला आहे, थंडीत इपॉक्सी रेंगाळतो.

२३ नोव्हेंबर

लाकडी पाचर आणि हाताच्या तळव्याचे हलके ठोके, सुटला. बैठक पूर्ण वर्तुळाची आहे. एका बाजूला ती जेमतेम कागदाएवढी पातळ आणि समोर सव्वा मिलिमीटर जाड. फीलर गेजने जे सांगितलं होतं तेच. बाहेर सांडलेला भाग घासून टाकला. निळा पेस्ट लावून पाहिल्यावर डाग पूर्ण गोल आला. काकांना फोटो पाठवला, उत्तर आलं: "आता भोकं पाड. पण घुमट दाबून."

२४ नोव्हेंबर

'दाबून' याचा अर्थ लिहून ठेवतो, कारण यातच बहुतेकांची गफलत होते.

घुमट पुढच्या प्लेटवर नुसता टेकला तर पुरत नाही. इंजिन तापतं, घुमट फुगतो, प्लास्टिक जरासं बसतं, आणि टेकलेलं सुटतं. त्याला दाबून धरावं लागतं, म्हणजे मागचे स्क्रू आवळले की घुमट पुढच्या प्लेटवर ताणून बसला पाहिजे. कारखान्यात बनलेल्या सेसनाच्या काही मॉडेलांतही पुढच्या आधारावर शिम (फट भरणारा पातळ थर) टाकून हा दाब साधतात: घुमट हाताने ठेवल्यावर भोकं थोडी पुढे राहतात, हाताने मागे दाबलं की जुळतात.

माझ्याकडे शिम म्हणजे निसरड्या, झिजेला टिकणाऱ्या प्लास्टिकची ०.२५ मिलिमीटर जाडीची चिकटपट्टी, प्लेटच्या कडेवर. तिथे घुमटाचा उतार शाफ्टशी साधारण २५ अंशांचा आहे, म्हणून पट्टीचा एक थर घुमटाला ०.६ मिलिमीटर पुढे सरकवतो. दोन थर, १.२. भोकं पट्टीशिवाय पाडायची आणि पट्टी नंतर लावायची, म्हणजे तो १.२ मिलिमीटर दाब म्हणून शिल्लक राहतो. जास्त लोभ नको. दाब अति झाला तर घुमट नाकाजवळ फुगतो आणि बॅकप्लेटची कड पुढे वाकते. काकांचं 'दाबून' म्हणजे पाडताना बैठक प्लेटला पूर्ण भिडलेली असावी एवढंच.

२९ नोव्हेंबर

भोकं पाडली. बॅकप्लेटवरच्या नटप्लेटा (प्लेटला पक्के बसवलेले नट) जुन्याच आहेत, त्यामुळे नवी भोकं नेमकी त्यांच्यावर यायला हवीत आणि त्या घुमटाखाली झाकल्या जातात. घुमट चढवण्याआधी प्रत्येक नटप्लेटवर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावली, तिचं भोक नटप्लेटच्या भोकावर आणि दुसरं टोक मागे विमानाकडे चिकटवलेलं. घुमट चढवल्यावर पट्टी त्याच्या बाहेरच्या अंगावर दुमडली की भोकाची जागा बाहेर दिसते. खूण फेल्टपेनने. अ‍ॅल्युमिनियमवर शिसपेन्सिल कधीच वापरू नये, ग्रॅफाइट आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून गंज सुरू होतो.

आधी सगळीकडे २.५ मिलिमीटरची पायलट भोकं, समोरासमोरची आलटून-पालटून, प्रत्येकात क्लिको (तात्पुरती पकड). नाक पुन्हा तपासलं, ०.४ वरच. मग ४.२ मिलिमीटर. फायबरग्लासला धारदार बिट आणि हलका हात लागतो, जोर दिला की आतून पापुद्रा उडतो. चपट्या डोक्याच्या ८-३२ स्क्रूंसाठी कपासारखे वॉशर घुमटात इपॉक्सीने चिकटवले. स्क्रूचं उतरतं डोकं थेट फायबरग्लासमध्ये बसलं तर आवळताना ते पाचरीसारखं भोक फाकवतं. वॉशर तो भार पसरवतो.

फिरवण्याची दिशा आणि पात्यांची जोडी आतून फेल्टपेनने लिहिली. गोल दिसत असला तरी हा घुमट एकाच पद्धतीने बसतो.

३ डिसेंबर

पात्याभोवतीची फट ४ मिलिमीटर केली. स्थिर कोनाच्या प्रोपेलरला एवढी पुरते. पात्यांचा कोन बदलणारा प्रोपेलर असेल, तर पातं दोन्ही टोकांच्या कोनांत फिरवून पाहूनच खाच कापावी. एका कोनात फट छान दिसते आणि दुसऱ्यात पातं घुमट कापतं. पात्यांच्या मागे खाच बंद करणाऱ्या पट्ट्याही परत बसवल्या. त्या दिसायला शोभेच्या वाटतात, पण उघड्या खाचेचे दोन ओठ त्याच एकमेकांना बांधून ठेवतात.

६ डिसेंबर

बॅकप्लेट आणि काउल यांच्यातली फट मोजली. वर ८ मिलिमीटर, खाली ५. स्पिनर काउलच्या वरच्या रेषेपेक्षा ३ मिलिमीटर खाली. दोन्ही मापं एकच गोष्ट सांगतात: इंजिनाचं नाक साधारण अर्धा अंश खाली गेलंय. रबरी माउंट वर्षांनुवर्षं भार सोसून बसतात, त्यात नवल नाही. खालच्या माउंटांत वॉशर टाकले की इंजिनाचा खालचा भाग पुढे जातो आणि नाक वर येतं. पण त्यासाठी इंजिन उचलून धरावं लागेल. घासल्याची खूण कुठेही नाही, म्हणून हे काम आता नाही.

हे मुद्दाम लिहितो, कारण स्पिनर तिरका दिसला की लोक घुमट फिरवून बघतात. फिरताना नाक गोल-गोल हेलकावे घेत असेल तर दोष स्पिनरचा. फिरवूनही तो काउलपेक्षा सारखाच खाली दिसत असेल, तर दोष माउंटचा.

१० डिसेंबर

रंग, मग जोडणी. प्रोपेलरचे बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कला तपासले आणि नवी लॉकवायर घातली. लाकडी प्रोपेलर असता तर हवेतल्या ओलाव्याप्रमाणे लाकूड फुगतं-आकसतं, तेव्हा हा टॉर्क वरचेवर तपासावा लागला असता. प्लेटांच्या जोडणीच्या जागेवर रंग लावलेला नाही. दाबाखाली रंग पिचतो आणि बोल्ट सैल होतात.

स्क्रू हाताने, समोरासमोर, बॅटरीच्या ड्रिलने नाही. घुमट मागे दाबावा लागला आणि भोकं जुळली. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून घुमटापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढली, स्क्रू फिरला तर रेघ तुटेल. नाक ०.५, मागची कड ०.३.

१३ डिसेंबर

प्लग परत, जमिनीवर इंजिन चालवलं आणि डायनॅमिक बॅलन्सिंग केलं. इंजिनाच्या पुढच्या भागावर कंपन मोजणारा सेन्सर आणि पात्याच्या मागे परावर्तक पट्टीचा तुकडा, त्यावर रोखलेला प्रकाश सेन्सर. कंपन किती हे पहिला सांगतो आणि ते फेऱ्यातल्या कोणत्या क्षणी हे दुसरा. दोन्ही मिळून वजन कुठे टाकायचं ते कळतं. माप सेकंदाला इंचात असतं. सुरुवातीला २४०० फेऱ्यांवर ०.१९ निघालं. दुरुस्तीपूर्वीचं माप माझ्याकडे नाही, पण सीटवरची जुनी थरथर त्याहून मोठी होती एवढं नक्की. बॅकप्लेटच्या एका भोकात ९ ग्रॅमचे वॉशर बोल्टने बसवल्यावर ०.०५.

कंपन मोजून वजन टाकणं हा शेवटचा हात. नाक तिरकं ठेवूनही यंत्राकडून सुरेख आकडा मिळवता येतो. वजनाने थरथर झाकली जाते आणि सैल घुमट आत घासतच राहतो.

१७ डिसेंबर

हवेत नेलं, सर्किटमध्येच, म्हणजे धावपट्टीभोवती. चढताना, क्रूझला आणि इंजिनाचा जोर कमी केल्यावर आरशासारखं गुळगुळीत म्हणणार नाही, चार सिलिंडर आहेत ते. पण २३०० च्या आसपास पॅनेलवर जो कंपासचा काटा धूसर दिसायचा तो आता वाचता येतो.

उतरल्यावर लगेच घुमट उघडला. रेघा शाबूत. प्लेटवरच्या पट्टीवर पूर्ण गोल चमकदार ठसा, सगळीकडे सारख्या रुंदीचा. काळी पूड नाही.

११ जानेवारी

आणखी बरेच तास झाले. घुमट उघडून आतून टॉर्च, नाण्याचा आवाज, खाचांचे कोपरे भिंगाने. नवीन काही नाही. पट्टीचा वरचा थर जरासा बसलाय, हाताने घुमट ठेवल्यावर भोकं आता १.२ ऐवजी ०.९ मिलिमीटर पुढे दिसतात. दाब शिल्लक आहे. हे माप दर ऑइल बदलाला घ्यायचं ठरवलं, ०.५ च्या खाली गेलं तर पट्टी नवी.

हँगरमध्ये एक सूचना लिहून लावली आहे: विमान ढकलताना स्पिनरला हात लावू नये. गोल नाक हातात छान बसतं, म्हणून जो येतो तो तिथेच जोर लावतो, आणि तो सगळा जोर बाजूने पुढच्या बैठकीवर येतो. मागे ढकलायचं असेल तर नोजव्हीलचा टो-बार लावा.

पुढचं काम माउंटांचं. वॉशर आणि इंजिन उचलायची साखळी आणून ठेवली आहे. वरची फट ८, खालची ५, दोन्ही साडेसहाच्या आसपास आणायच्या आहेत. नोंदी वेगळ्या वहीत.